एक हजार एकोणनव्वद सीसी

मोटारींबद्दल मतं असायला स्वतःची मोटार असावी लागते, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. क्रिकेटवर बोलणारा कोणी पॅड बांधून बोलत नाही. सरकार कसं चालवावं हे कट्ट्यावर सांगणाऱ्या बहुतेकांना घरात गॅसचा नंबर कोण लावतं तेसुद्धा ठाऊक नसतं. मग मोटारींनीच काय घोडं मारलंय?

मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम., वय चव्वेचाळीस, आणि गेली अकरा वर्षं बसायला वाहनकर्जाचं टेबल. लोकांच्या गाड्या आमच्याकडे तारण असतात. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर दोन-अडीचशे मोटारी माझ्या टेबलाच्या खणात आहेत. प्रत्यक्षात मी सकाळी 8.12 च्या लोकलला लोंबकळत असतो. पण मतं आहेत. स्पोर्ट्स गाड्यांबद्दल आहेत, शर्यतींबद्दल आहेत आणि दुरुस्तीबद्दल तर इतकी आहेत, की बायकोने पाहुण्यांसमोर तो विषय काढायला मला बंदी केली आहे.

तसं घराण्यात मोटारच नाही असं म्हणता येणार नाही. अण्णांची आहे. अण्णा म्हणजे आमचे वडील. 1988 सालची प्रीमियर पद्मिनी. त्यांनी ती 1992 साली सेकंडहँड घेतली आणि 2016 पर्यंत चालवली. तेव्हापासून ती आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, पार्किंग क्रमांक 4 मध्ये उभी आहे. तिच्यावर एक खाकी कव्हर आहे, कव्हरवर एक मांजर आहे आणि आता मांजरावर, म्हणजे एकूण प्रकरणावर, सेक्रेटरींची नोटीस आहे. "बंद अवस्थेतील वाहन पंधरा दिवसांत हटवावे." नोटीस अण्णांच्या नावाची, पण सेक्रेटरींनी ती लिफ्टमध्ये गाठून माझ्या हातात दिली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नोटीस देण्याचं धैर्य त्यांच्यातही नव्हतं आणि माझ्यातही नव्हतं. मी ती चार दिवस खिशात बाळगली.

त्याच आठवड्यात बँकेत एक तरुण आला. त्याला परदेशी बनावटीची स्पोर्ट्स गाडी घ्यायची होती आणि कर्ज किती मिळेल ते विचारायचं होतं. फोटो दाखवला. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली, की आमच्या गल्लीतला पहिला स्पीडब्रेकर हाच तिचा शेवटचा मुक्काम ठरला असता. बसायला जागा दोन. मी सहज विचारलं, "आईवडील कुठे बसतील?" तो म्हणाला, "सर, ही स्पोर्ट्स कार आहे." जणू स्पोर्ट्स कार असली की आईवडील आपोआप रिक्षाने येतात.

मी त्याला व्याजाचा दर सांगितला आणि वर एक व्याख्यान दिलं. व्याख्यानाला व्याज नव्हतं, तरी तो अस्वस्थ झाला. माझं म्हणणं एवढंच होतं, की जगातली एक अत्यंत देखणी स्पोर्ट्स गाडी श्रीमंतीतून झालेली नाही, टंचाईतून झालेली आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. इटलीत धड पेट्रोल मिळत नव्हतं की टायर मिळत नव्हते. अशा वेळी पिएरो दुसिओ नावाच्या उद्योगपतीने तुरीनमध्ये 'सिसितालिया' नावाच्या मोटारी काढल्या. नवीन इंजिन बनवायला वेळही नव्हता आणि सामानही नव्हतं. मग त्याने काय केलं, तर फियाट 1100 या साध्या, घरगुती गाडीचे भाग घेतले आणि त्यांतून शर्यतीची गाडी उभी केली. आपल्याकडे शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करतात ना, फोडणी देऊन? तसंच. फक्त या कुस्कऱ्याला वरून पिनिनफारिनाने इतकं सुंदर रूप दिलं, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं तेव्हा त्या मोजक्या आठ गाड्यांत ही सिसितालिया 202 ठेवली. आजही ती त्या संग्रहालयाच्या मालकीची आहे. चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या पंक्तीत कुस्करा!

आणि आता मुद्द्याची गोष्ट. त्या फियाट 1100 चं इंजिन म्हणजे कुठलं? दान्ते जाकोसा नावाच्या फियाटच्या इंजिनिअरच्या हातून ते 1937 साली बाहेर पडलं. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर. कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून पाहा, 1089 घनसेंटिमीटर येतात. (मी केलाय. ताळेबंद जुळला.) आता सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या. तिथे पन्नासच्या दशकात ती गोल, गुबगुबीत फियाट बनू लागली. मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हणायला सुरुवात केली. नावं ठेवण्यात आपला हात कोण धरणार! पुढे 1964 मध्ये डिलाइट आली आणि 1974 मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. नावं बदलली, नाक बदललं, दिवे बदलले. इंजिन मात्र 1089 सीसी. इटलीत त्यांनी त्याचे नंतर 1221 केले, आपण नाही केले. आपण एकदा ठरवलं की ठरवलं. शतक संपेपर्यंत कुर्ल्याहून हेच इंजिन निघत राहिलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतून आपण सगळे त्याच्यामागे बसून फिरलो, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा ज्यांनी आयुष्यभर तिला शिव्या घातल्या होत्या, त्यांनीही तिच्याबरोबर फोटो काढून घेतले.

तर हे सिसितालिया प्रकरण ज्या शर्यतीत गाजलं तिचं नाव 'मिल्ले मिलिया'. म्हणजे हजार मैल. जगातल्या पुष्कळ मोठ्या गोष्टी रुसव्यातून झालेल्या आहेत, त्यांतली ही एक. इटलीची पहिली ग्रांप्री 1921 साली ब्रेशिया शहराजवळ झाली. दुसऱ्याच वर्षी मिलानजवळ मोंझाला पक्का ट्रॅक झाला आणि ग्रांप्री तिकडे गेली. झालं! ब्रेशियाकरांना हे असं लागलं, की जसं पुण्याचं एखादं संमेलन मुंबईला पळवावं. काउंट माज्जी, काउंट माझोत्ती, कास्ताग्नेतो आणि कानेस्त्रिनी नावाचे एक पत्रकार, असे चौघे बसले आणि त्यांनी ठरवलं, ट्रॅक नाही ना? नसू दे. आपण सगळी इटलीच ट्रॅक करू. ब्रेशियाहून निघायचं, रोमला जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत ब्रेशियाला यायचं. सोळाशे किलोमीटर. रस्ते साधे, सार्वजनिक. मार्च 1927 मध्ये पहिली शर्यत झाली. 'ओ एम' नावाच्या गाडीने मिनोया आणि मोरांदी यांनी ती 21 तासांत जिंकली. वेग ताशी सरासरी 77 किलोमीटर. पहिले तिन्ही नंबर ओ एमचे आले आणि ओ एम ही कंपनी ब्रेशियाचीच. रुसवा व्याजासकट वसूल.

या शर्यतीत लहान, हळू गाड्या आदल्या रात्री आधी सोडत आणि मोठ्या पहाटेनंतर. पुढे पुढे तर गाडीवर जो नंबर असे ती तिची सुटण्याची वेळच असे. 1955 साली स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजचा नंबर होता 722, म्हणजे सकाळी 7 वाजून 22 मिनिटं. आमच्या टोकन पद्धतीत ही अक्कल असती, तर काउंटरवरची निम्मी भांडणं वाचली असती.

त्या 722 बद्दल थोडं थांबून बोललंच पाहिजे, कारण मोटार शर्यतींच्या सबंध इतिहासात कारकुनाचा विजय झालेली ही एकच शर्यत मला ठाऊक आहे. मॉसच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला, बुटका इंग्रज पत्रकार बसला होता. जॉन फिच या अमेरिकन ड्रायव्हरशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात एक कल्पना आली होती. सगळ्या मार्गाची आधी पाहणी करायची. कुठे वळण आहे, कुठे चढाच्या पलीकडे रस्ता सरळ आहे, कुठे रेल्वेचं फाटक आहे, सगळं टिपून ठेवायचं. मग ते सगळं त्याने सुमारे 18 फूट लांबीच्या कागदावर उतरवलं, त्याची गुंडाळी केली, ती एका डबीत बसवली आणि डबीला पारदर्शक खिडकी केली. शर्यतीत तो गुंडाळी फिरवत वाचायचा आणि मॉसला हाताने खुणा करायचा, कारण इंजिनाच्या आवाजात बोलून उपयोगच नव्हता. मध्ये एकदा पोट ढवळलं म्हणून बाजूला वाकला, तर वाऱ्याने चष्मा उडून गेला. दुसरा चष्मा खिशात होता! याला म्हणतात कारकून. 10 तास 7 मिनिटं 48 सेकंद. ताशी सरासरी 157 किलोमीटरहून जास्त. तो विक्रम शेवटपर्यंत मोडला नाही. फांजिओसारखा फांजिओ एकटाच गाडी चालवत आला तो अर्ध्या तासाने मागे. लेजर नीट लिहिलेलं असलं की काय होतं बघा, असं मी हे आमच्या अकाउंटंटना सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या कालच्या एन्ट्रीत सात रुपयांचा फरक आहे."

शर्यतीचा शेवट मात्र हसण्यासारखा नाही. 12 मे 1957. आल्फोन्सो दे पोर्तागो नावाचा अठ्ठावीस वर्षांचा स्पॅनिश सरदार फेरारी घेऊन ब्रेशियाकडे येत होता. शेवटचा टप्पा राहिलेला. गुइदिझ्झोलो गावाजवळ टायर फुटला. तो गेला, शेजारचा एडमंड नेल्सन गेला आणि रस्त्याकडेला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यांत पाच मुलं होती. एन्झो फेरारींवर खटला झाला, 1961 साली ते सुटले. शर्यत बंद झाली ती कायमची. आता त्या नावाने जुन्या गाड्यांची जी फेरी निघते ती वेगाची नव्हे, वक्तशीरपणाची. पुष्कळ शौकीन या बंद होण्याबद्दल हळहळतात. मी त्यांच्यातला नाही. 1938 मध्ये बोलोन्याला याच शर्यतीत दहा माणसं मेली होती, त्यांत सात मुलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. शर्यत धावणाऱ्याने मरायचं की जगायचं ते ठरवावं, पण दारात उभ्या असलेल्या पोराने काय म्हणून? मला शर्यती आवडतात त्या अशा, सावरून आवडतात.

पण मला सांगायचंय ते 1947 चं.

ताझिओ नुवोलारी हे नाव इटलीत कोणालाही विचारा. मांतुआकडचा माणूस, अंगाने अगदी किरकोळ. 1930 च्या मिल्ले मिलियात त्याने म्हणे पहाटेच्या अंधारात हेडलाइट बंद करून वार्झीचा पाठलाग केला आणि त्याच्या मानेवर जाऊन पोहोचल्यावर दिवे लावले. गोष्ट झकास आहे. पण नुवोलारी मुळात वार्झीच्या दहा मिनिटं मागून सुटला होता. म्हणजे त्याला दिसेल इतका जवळ आला तेव्हाच वेळेच्या हिशेबात तो जिंकलेला होता. मग दिवे कशाला विझवायचे? कॉमर्स ग्रॅज्युएटला अशा गोष्टी धड ऐकताही येत नाहीत. 1946 ची गोष्ट मात्र खरी आहे, फोटोच आहे. तुरीनच्या शर्यतीत सिसितालिया चालवताना स्टिअरिंगचं चाक निखळून हातात आलं. हा पठ्ठ्या एका हातात चाक उंच धरून उरलेल्या दांड्यावर गाडी चालवत आला. दुरुस्तीबद्दलचं माझं मत त्या फोटोवरून बनलेलं आहे. आजच्या गाडीत एक दिवा लुकलुकला तर तिला उचलून न्यावी लागते. मेव्हण्याच्या गाडीचा असाच एक दिवा लागला; एका सर्व्हिस सेंटरमध्ये तिला लॅपटॉप जोडला, तीन दिवस निदान केलं आणि शेवटी दिवाच बदलला.

तर जून 1947. आपल्याकडे स्वातंत्र्याला दोन महिने होते. युद्धानंतरची पहिली मिल्ले मिलिया. नाव नोंदवलं की नवे टायर आणि पेट्रोल मिळतं म्हणून कित्येकांनी नुसतंच नाव नोंदवलं, टायर घेतले आणि घरी गेले, असं सांगतात. (ही माणसं मला माझ्या टेबलावर रोज भेटतात.) नुवोलारी तेव्हा चोपन्न वर्षांचा. वर्षानुवर्षं धूर छातीत घेऊन फुप्फुसं गेलेली. दोन मुलगे होते. एक 1937 मध्ये गेला, दुसरा 1946 मध्ये. दोघांनीही विशी पाहिली नाही. आणि हा माणूस उघड्या टपाची सिसितालिया घेऊन निघाला. इंजिन फियाट 1100. 1089 सीसी. कार्ब्युरेटरपासून बरंच काही बदललेलं होतं हे मान्य, पण हाड तेच. समोर बिओंदेत्तीची आल्फा रोमिओ, 2900 सीसी. आणि शर्यत अर्ध्यावर आली तेव्हा पुढे कोण? म्हाताऱ्याची फियाट पुढे!

मग पाऊस आला. साधासुधा नाही, बदाबदा. उघड्या गाडीत पाणी साचलं, ते इग्निशनमध्ये शिरलं आणि इंजिन बंद पडलं. ते पुन्हा सुरू होईपर्यंत आल्फा पुढे गेली. नुवोलारी पंधरा-सोळा मिनिटांनी हरला. दुसरा आला. तिसरी आणि चौथीही सिसितालियाच. ब्रेशियात लोकांनी त्याला जिंकल्यासारखं डोक्यावर घेतलं म्हणतात.

मुंबईत पद्मिनी चालवलेल्या कुठल्याही माणसाला हा परिच्छेद वाचून हसू येईल. पावसाळा, पाणी, डिस्ट्रिब्युटर. बॉनेट उघडायचं, टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पॉइंटवर फुंकर मारायची, मग चोक ओढून देवाचं नाव घ्यायचं. अण्णा त्यासाठी गाडीत एक पंचा ठेवायचे. पंचा फक्त डिस्ट्रिब्युटरचा. त्याला कोणी हात पुसला तर घरात दोन दिवस अबोला.

26 जुलै 2005 ला तो पंचाही पुरला नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. अण्णांचं ऑफिस वांद्र्याला. दुपारी तीनला निघाले. पाचच्या सुमारास कुर्ल्याला एल. बी. एस. मार्गावर गाडी बंद पडली. म्हणजे जिथे तिचा जन्म झाला, त्याच रस्त्यावर. त्यांनी दोनदा टोपी काढून पुसली. दोनदा गाडी सुरू झाली, दहा-वीस फूट गेली, बंद पडली. तिसऱ्यांदा पाणी सीटला लागलं. घरी फोन लागत नव्हते. आई खिडकीशी उभी होती. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो, पुन्हा गेलो. रात्र कशी गेली त्यावर मला विनोद सुचत नाही, वीस वर्षांत सुचलेला नाही.

सकाळी साडेआठला अण्णा आले. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत चालत. मधली रात्र कुठल्याशा इमारतीच्या जिन्यात काढली. तिथल्या लोकांनी चहा-पाव दिला. अंगावर चिखल, एक चप्पल गेलेली, हातात जेवणाचा डबा. आईने काही न बोलता डबा घेतला. काहीतरी हाताला हवंच असतं अशा वेळी, म्हणून ती तो घासायला घेऊन गेली. उघडला तर वरच्या पुडात पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेला रोटर. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरतो तो, दोन बोटांत मावणारा.

"हे काय?" आई.

"रोटर आहे. काढून आणला. म्हणजे गाडी चोरीला जाणार नाही."

सगळं कुर्ला पाण्याखाली होतं. बसेस बुडाल्या होत्या. त्यात छातीइतक्या पाण्यात उभं राहून, बॉनेट उघडून या माणसाने चोराचा बंदोबस्त केला होता. आई आधी हसली आणि मग तिथेच मोरीत बसून रडली.

गाडी चौथ्या दिवशी ओढून आणली. मिस्त्रींनी सीटमधला चिखल काढला, ऑइल बदललं, सगळं उन्हात वाळवलं. बाराव्या दिवशी अण्णांनी डब्यातून रोटर आणून बसवला आणि तिसऱ्या सेल्फला ती सुरू झाली. त्यानंतर अकरा वर्षं चालली. परवा हिशेब करताना माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी अण्णा चोपन्न वर्षांचे होते.

पाचव्या दिवशी नोटीस दाखवलीच. अण्णांनी चष्मा लावून वाचली, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि "बरं" म्हणाले. मला त्या 'बरं'नेच कसंतरी झालं. म्हणून मी त्यांना नुवोलारीची सगळी गोष्ट सांगितली. 68 बाय 75 सांगितलं, म्युझियम सांगितलं, पाऊस सांगितला.

"म्हणजे त्याच्याही डिस्ट्रिब्युटरमध्येच पाणी?"

"इग्निशनमध्ये. तेच ते."

"पुसायला किती वेळ लागला?"

"बराच लागला म्हणतात. तिथेच हरला."

अण्णा विचारात पडले. "पंचा नसेल ठेवला," ते म्हणाले.

रविवारी सकाळी स्क्रॅपवाला येणार आहे. सरकारमान्य केंद्राचा आहे, कागद देतो, भाव वजनावर. काल संध्याकाळी मी अण्णांना शोधत खाली गेलो. कव्हर काढून नीट घडी घातलेलं, बॉनेट उघडं, मांजर टपावर. अण्णा नव्हते. वर आलो तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. अण्णा आईला विचारत होते, "अगं, तो माझा ऑफिसचा डबा कुठं ठेवलायस?"